पहिली जुडी घरची

रागिणी, मी भाजी घेऊन भातकुलीच्या बाजारात जातो. आजपासून तुया सासऱ्यायच्या जागी मीच बसीन. त्यायले घरी ठेवजो.

ओट्यावर ओल्या फडक्यात पालकाची जुडी हाये, तिची भाजी करजो. चाळीस वर्सं आमी चांगला माल इकला अन् पिवळी पानं खाल्ली, आता बस झालं. डाक्टर म्हने, हिरव्या पानात अन् हळदीत असं काही असते, त्यानं डोकं शाबूत राहाले मदत होऊ शकते. ते काही औषध नाही म्हने, गोळ्या चालूच ठेवा. म्या म्हटलं, दोनी देऊ. हळद टाकताना हात राखू नको. वरून मिरे कुटून टाक.

"इकाचा माल घरात काहून?" म्हनून ते भांडतीन. भांडू दे. तितलं ध्यानात हाये, ते बरंच हाये.

ही जुडी मले त्यायनंच देल्ली, सकाळी वावरात. "घ्या बाई, ताजी हाये," म्हने. म्या पदरात घेतली. मले वयखलं नाही त्यायनं, पन ढिगातली सगळ्यात चांगली जुडी बरोबर काढली.

गरम गरम वाढजो.

मनकर्णा