धुराची कमाई

३ नोव्हेंबर

मालकांनी सही केली! तीन महिने हात धुऊन त्यांच्या मागे लागले होते. काचेच्या भट्टीचा कढत धूर फुकट आभाळात सोडायचा आणि वीज मात्र विकत आणायची — हे शहाणपण आता बंद. त्या धुरावर पाणी उकळायचं, वाफेनं टर्बाइन फिरवायचं, वीज कारखान्याला. उरलेल्या वाफेवर पाणी तापवून ते मागच्या कामगारांच्या खोल्यांना. मालक म्हणाले, "खोल्यांना कशाला?" म्हटलं, तीच तर गंमत — एका जाळात दोन कामं!

खरं कारण सांगितलं नाही. तिथल्या शेवटच्या खोलीत माझ्या सासूबाई राहतात. सासरे भट्टीवर होते, तेव्हापासून. आता एकट्याच. गेल्या थंडीत गरम पाण्याची बादली उचलताना पडल्या, मनगट मोडलं. तरी हट्ट कायम — "मी इथेच बरी." नवरा विनवून थकला. यंदा कडाक्याची थंडी पडायच्या आत त्यांच्या नळाला गरम पाणी आलंच पाहिजे. आणते की नाही बघा!

९ नोव्हेंबर

फिटरला सगळे 'होईल' म्हणतात. काहीही विचारा, "होईल!" आज तोही कपाळाला हात लावून बसला. बॉयलर धुराड्याच्या पायथ्याशी, आणि धूर नेणारा जुना पाइप खोल्यांच्या मागून वळसा घेत तिथवर जातो. पोचेपर्यंत धूर निम्मा गार! म्हटलं, गुंडाळा. आतली उष्णता बाहेर न सोडणाऱ्या रॉकवूलच्या वीतभर जाड गाद्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठे बोटभर जरी उघडं दिसलं तर माझ्याशी गाठ आहे.

१० नोव्हेंबर

रॉकवूलची खाज. अंगभर! नवरा बाहेरच्या खोलीत झोपला. बरंय, घोरणं तरी लांब गेलं.

१८ नोव्हेंबर

पाइप गुंडाळून झाला. बॉयलरपाशी धूर असा कडक पोचतोय की 'होईल'नं मला हात जोडले.

२४ नोव्हेंबर

फिरलं! टर्बाइन फिरलं! आधी कुरकुरलं, मग असं काही सूर धरून बसलं की मी वेड्यासारखी टाळ्या वाजवल्या. पॅकिंगच्या शेडमधले दिवे आमच्या विजेवर लागले. मालक म्हणाले, "मानलं बाई तुम्हाला." आता मानताय!

संध्याकाळी खोल्यांना पाणी सोडलं. सासूबाईंनी नळाखाली बोट धरलं आणि झटकन मागे घेतलं. "अगं, चटका बसतो की!" त्या घरात याहून मोठी शाबासकी आजवर कुणाला मिळालेली नाही. बादलीची कटकट संपली. जिंकले मी. स्वतःच म्हणून घेते, नवरा काही म्हणणार नाही.

२ डिसेंबर

बाहेर हाडं गोठवणारी थंडी. यंत्र झकास. मालक पाहुण्यांना आणून दाखवतात — सगळं म्हणे त्यांनाच सुचलं होतं! असू दे.

५ डिसेंबर

सकाळी दार उघडते तो सासूबाई! हातात पिशवी, काखेत उशी.

"पाणी छान आहे गं तुझं. पण माझी भिंत मेली. मागून धूर जायचा, पाठ टेकली की रात्रभर शेक मिळायचा. तुझ्या सासऱ्यांनी मुद्दाम मागून घेतली होती ती खोली. त्या उबेपायी तर हलत नव्हते मी. आता काय राहिलंय तिथं?"

मी उशी घेतली. नवरा पिशवी घेऊन आत पळाला. त्या परत फिरतील म्हणून घाबरला असेल. जेवताना सारखा हसत होता.

६ डिसेंबर

त्यांच्या खोलीमागची एक गादी सोडली की भिंत पुन्हा तापेल. विजेत काडीचा फरक पडणार नाही.

सांगणार नाही. कुणालाच नाही.