कोर्ले फायर पुन्हा वाजणार

आक्रा, बुकॉम

प्रिय एको,

अरे लेका, आहेस कुठे? हॅम्बुर्गच्या थंडीत गोठला नसशील तर नीट ऐक. आपली तबकडी परत वाजायला लागलीय! ट्रोट्रोवाले आपल्या मिनीबसमध्ये लावतात, आपण वाजवायचो तेव्हा जन्मलीही नव्हती ती पोरं चोर्कोरच्या वाळूत नाचतात. मक्याच्या पिठाची केंकी विकणारी आमची शेजारीण परवा म्हणाली, "लांते, हा ढोल बडवणारा रेडा तूच का रे?" छाती अशी फुगली म्हणून सांगू! आणि आता आपल्या कोर्ले फायर बँडने समुद्रावर पुन्हा वाजवावं अशी मागणी आलीय. सगळे हो म्हणालेत, अडलंय फक्त तुझ्यावर.

आठवतं ना? तुझी गिटार किंचाळायची, त्यात मी आमच्या गा जमातीच्या कोळ्यांचे ठेके घुसवले. "हा काय धिंगाणा?" म्हणत आलेली माणसं नाचत घरी गेली. लोमे, अबिजान, लागोस! पोरी तुझ्यामागे, पोलीस आपल्यामागे. काय दिवस होते रे ते!

मग होमोवोच्या सणाआधीची ती वाद्यबंदी आली. पेरलेला मका शांतपणे वाढावा म्हणून महिनाभर आक्रात ढोल बंद; मी लहानपणापासून पाळत आलेलो. तू पडलास केप कोस्टचा फांटी, तुला वाटलं हे फक्त गा लोकांपुरतं. नेमका त्याच महिन्यात कार्यक्रम घेतलास आणि मी नाही म्हटल्यावर माझ्या ढोलांवर दुसऱ्याला बसवलंस. दुसऱ्याच गाण्याला पुजाऱ्यांची माणसं आली आणि ढोल उचलून घेऊन गेली. भर रस्त्यात तू माझ्यावर ओरडलास, "चुगलखोरा, तूच कळवलंस!" अरे शहाण्या, एवढे मोठे कर्णे लावल्यावर चुगलीची गरज होती कुणाला? पण तेव्हा मलाही राग आला, मी तोंड फिरवलं, आणि बँड मोडला. फार लागलं होतं मला ते, एको.

जाऊ दे, रडगाणं पुरे. कार्यक्रम बंदी उठेल त्याच दिवशी आहे, या वेळी कुणी ढोल उचलणार नाही! फक्त ढोलांवर मी नसेन. गेल्या वर्षी अर्धांगाच्या झटक्याने माझा डावा हात गेला. माझ्या जागी माझी लेक कोर्कोई बसेल. तबकडी ऐकून ऐकून पोरीने माझ्या चुकासुद्धा उचलल्यात! मी समोर वाळूत खुर्ची टाकून बसणार. आपला बँड मी जन्मभर मागूनच ऐकला रे, तुझी पाठ बघत. लोक एवढे कशाने वेडे व्हायचे, ते मला एकदा समोरून ऐकायचंय. ये.

तुझाच,
लांते