घरचा की बाहेरचा

४ मार्च
नोकरी लागली! सर्व्हेची. दोघादोघांच्या जोडीनं दारोदार फिरून विचारायचं: वर्षभरात कोणी मारहाण केली का? मारणारा घरचा की बाहेरचा? बाहेरचा असेल तर पोलिसांत कळवलं का? उत्तरं टॅबवर टाकायची. घरच्यांचा मार आमच्याकडे नाही, तो सर्व्हे वेगळा.
कॉलेज अर्धवट सोडल्याचं आज सार्थक झालं. डिग्रीच्या मागे लागलो असतो तर ही जोडीदारीण मिळाली असती का? (शब्द ऑफिसचा. माझा नाही. अजून.)
संकल्प: डोकं थंड.

५ मार्च
डोकं तापलं. एक दुकानदार, कपाळाला टाके. गिऱ्हाइकानं वजन फेकून मारलं. पोलिसांत? नाही. का? तर गिऱ्हाईक जुनं! मी त्याला शेळपट म्हणालो. तिनं मला पायरीवर नेऊन सुनावलं, आपण विचारायचं, शिकवायचं नाही. रागात नाकपुड्या फुगतात तिच्या. परक्यावर कोण एवढं रागावतं?

९ मार्च
एक नर्स. पेशंटच्या भावानं जिन्यावरून ढकललं, मनगट मोडलं. कळवलं नाही. म्हणाली, मी चौकीत बसून राहिले तर माझी ड्युटी कोण करणार, तुम्ही? मी हो म्हणणार होतो, तेवढ्यात जोडीदारणीनं माझ्या पायावर पाय दिला. पहिला स्पर्श. (नख काळं पडलंय.)
ज्याला विचारावं तो गप्प बसलेला. माझ्यावर कोणी हात टाकून बघावा. तडक चौकी.

१२ मार्च, संध्याकाळ
टाकला.
ऑफिसच्या गेटवर ती एका धिप्पाड माणसाच्या बाइकवर बसत होती. मी जाऊन त्याची कॉलर धरली. त्यानं सावकाश हेल्मेट काढलं, तिच्याकडे दिलं, आणि एकच ठेवून दिली. कानात अजून शिट्टी वाजतेय. ती म्हणाली, "दादा, सोड त्याला. ऑफिसातला आहे."
दादा! सख्खा भाऊ! कानफटीत खाऊन इतका आनंद कोणाला झाला नसेल.
चौकीचं मनात आलं होतं. पण मेहुण्यावर केस? उद्या लग्नाच्या फोटोत शेजारी उभं राहायचंय. हा घरगुती मामला. दुकानदाराची गोष्ट वेगळी.
आईला सांगितलं, दार लागलं. आई म्हणाली, दाराला पाच बोटं होती का रे?

१५ मार्च
सर्व्हेत आमची गल्ली आली. ती आमच्या घरी! आईनं पाणी दिलं आणि तिथंच उभी राहिली.
वर्षभरात कोणी मारलं का? मी गाल पुढे केला. घरचा की बाहेरचा? तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, घरचा.
आईनं बाबांच्या खोलीकडे पाहिलं.
"माझा दादा तुझ्या घरचा कधीपासून?" ती म्हणाली, आणि 'बाहेरचा' दाबलं. मग म्हणाली, तक्रार करायची असेल तर कर, मी साक्षीला येईन, दादाला तसं सांगून ठेवलंय. सख्ख्या भावाविरुद्ध! माझ्यासाठी! मी तसं म्हणालोही. त्यावर ती म्हणाली, कोणासाठीही आले असते.
कळवलं का? नाही. कारणं वाचून दाखवली: भीती, वेळ नाही, ओळखीचा माणूस, क्षुल्लक बाब. म्हटलं, तूच निवड. तिला पुढची घरं होती. 'क्षुल्लक बाब' टाकून निघाली. जाता जाता आईला म्हणाली, कान तेवढा डॉक्टरला दाखवा.
आईनं विचारलं, गुणाची वाटते, कोण रे ही?
म्हटलं, बाहेरची.