आत्याच्या कॅसेटवरचं रॅप

पुणतांबा, शुक्रवार, १२ एप्रिल १९९६

कागदाचा बोळा समोर ठेवून लिहितोय.

मित्राची रॅपची कॅसेट एकाच दिवसासाठी मिळालेली. असलं काही मी आजवर ऐकलं नव्हतं. चाल नाही, नुसतं तालात भांडण, मागं हलगीसारखा ठोका. उतरवून घ्यायला कोरी कॅसेट नव्हती, म्हणून कपाटातली एक बिननावाची घेतली. तिची मागची टिकली तोडलेली होती. पुसलं जाऊ नये म्हणूनच तोडतात, हे मला माहीत होतं. तरी त्या भोकात कागदाचा बोळा कोंबला आणि वर रॅप उतरवलं. का कोंबला?

संध्याकाळी अप्पा म्हणाले, "आत्याची कॅसेट कुठंय? परवा जयंतीला लावायचीय."

गेल्या साली वारलेल्या आत्यानं गायलेली भीमगीतं. तीच कॅसेट. सांगून टाकलं.

अप्पांनी ती लावली आणि ऐकत बसले. माझंच आवडतं रॅप, संपता संपेना. मग एकदम आत्याचा आवाज आला. शेवटचं अर्धं कडवं, बस.

अप्पांनी कॅसेट काढली, नखानं बोळा उपसला, माझ्या हातावर ठेवला.

"येवढं तरी ऱ्हाऊ दे," म्हणाले.