न मागितलेली सुट्टी

सोमवार, २७ फेब्रुवारी

मला सुट्टी दिली! मागितली नव्हती. अकरा वर्षांत पहिल्यांदा!

डॉक्टर फातेन हात धुता धुता म्हणाल्या, "नझीहा, नऊ तारखेला गुरुवारी तू येऊ नकोस. जरा आराम कर." म्हटलं, "अहो डॉक्टर, गुरुवारी तर दुर्बिणीचं मोठं ऑपरेशन आहे. चार-पाच तासांचं. यादीत वाचलंय मी, पेशंटचं नाव अजून नाही." तर म्हणे, "इब्तिसाम उभी राहील."

इब्तिसाम! परवा बारीक पकड मागितली तर या नव्या नर्सने सुईदोरा पुढे केला!

"माझं काही चुकलं का?" "नाही गं. घे म्हटलं ना सुट्टी." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नळाकडे बघून बोलत होत्या. अकरा वर्षं मी या बाईच्या उजव्या हाताला उभी आहे. तिचे ओठ हलायच्या आत हत्यार हातात ठेवते. सफाक्स शहरात असं काम करणारी दुसरी नर्स दाखवा म्हणावं. आणि आता काय, तर आराम कर!

मंगळवार, २८ फेब्रुवारी

घरी सांगितलं. तौहामी म्हणतो, "फुकटची सुट्टी मिळतेय तर रडतेस कशाला? बहिणीकडे जाऊन ये महदियाला." नवऱ्याला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

तस्नीम म्हणाली, "जा ना आई. मीही नसेन. आठ तारखेला बुधवारी रात्री सनाकडे जातेय, सूसला. चार-पाच दिवस. अभ्यास आहे." विसाव्या वर्षी आईपेक्षा मैत्रीण बरी वाटते. जा म्हटलं.

गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून बसली होती. दर महिन्याचं आहे. म्हटलं, "बये, अभ्यास करायचाय की लोळायचंय? सगळ्या बायकांना होतं हे." पिशवी उचलून खोलीत गेली. पूर्वी उलटून बोलायची.

माझेही दिवस सुरू झाले आज. खिशात गोळ्या कोंबल्या आणि गेले कामावर. दुपारी दोन ऑपरेशनं झाली. खाली बसले नाही.

गुरुवार, २ मार्च

डॉक्टरांच्या संशोधनाचे फॉर्म वाचून त्यावर खुणा करायचं काम माझ्याकडे आहे. गर्भाशयाच्या आतलं अस्तर बाहेर उगवतं – अंडाशयावर, आतड्यावर – दर महिन्याला तिथेही रक्त साकळतं आणि सगळं एकमेकांना चिकटत जातं, तो आजार. दुखायला लागल्यापासून कोणी ओळखेपर्यंत किती वर्षं वाया जातात, ते डॉक्टरांना शोधायचंय. पण बायकांना साल आठवत नाही! तेव्हा मीच सुचवलं – रमदानात पाळीमुळे किती रोजे सुटले ते विचारा. सुटलेले रोजे पुढच्या रमदानाआधी भरून काढावे लागतात, त्यामुळे प्रत्येक बाईला वर्षावर्षाचा आकडा पाठ असतो. झोपेतून उठवून विचारा, सांगेल! डॉक्टर खूश झाल्या होत्या. "नझीहा, तू कॉलेजात शिकवायला हवीस." आणि आता आराम कर. असो.

फॉर्मवर नाव नसतं. बाहेर संगणकावर पेशंट स्वतः भरते, मला छापील कागद मिळतात, वर फक्त नंबर. या वेळी डॉक्टरांनी सेहेचाळीसपर्यंतच दिले. "पुढचे मी बघते." बघा बाई! पण इब्तिसामने उरलेले छापून माझ्या कपाटात ठेवले. "ताई, रागावू नका ना माझ्यावर. तुमचं काम तुमच्याकडेच हवं." पोरगी वाईट नाही.

जेवताना नंबर सत्तेचाळीसचं पहिलं पान वाचलं. वय वीस. अविवाहित, म्हणून आतून तपासणी नाही. दुखणं तेराव्या वर्षापासून. कोणाला सांगितलं? – आईला. आई काय म्हणाली? – नाटकं करू नकोस. डॉक्टरकडे का गेला नाहीत? – आई म्हणाली, लग्नाआधी पोरगी बायकांच्या डॉक्टरच्या दारात दिसली तर लोक काय म्हणतील.

डोकं फिरलं माझं. इब्तिसामला म्हटलं, "ही आई आहे की कसाई? सात वर्षं! माझ्यासमोर आली ना, सोलून काढीन!" ती हसायला लागली – "तुमच्या तावडीत कोणी सापडू नये बाई!"

शुक्रवार, ३ मार्च

दुसरं पान वाचलं.

शनिवार, ४ मार्च

काल लिहिता आलं नाही.  

प्रश्न – सर्वांत वाईट दिवस कोणता? उत्तर – "मागच्या वर्षी मोठ्या ईदला. न्हाणीघरात फरशीवर पडले होते. बाहेर पाहुणे. आई दार वाजवून म्हणाली, ऊठ! मी याच दुखण्यात सात-सात तास उभी राहून कामं केली. मला कोणी खुर्ची दिली नाही."

ते दार माझं. ते बोलणं माझं. शब्दन् शब्द माझा!

खाली – आणखी काही सांगायचं आहे का? "माझी आई याच ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. तिला कळू देऊ नका. माझ्या ऑपरेशनच्या दिवशी तिला तिथे ठेवू नका."

तीनदा वाचलं. चौथ्यांदा अक्षरंच दिसेनात. म्हणजे त्या नऊ तारखेच्या यादीतली ती पेशंट... आणि सूस नाही, सना नाही, अभ्यास नाही. या अल्ला!

रोज्यांचे आकडेही लिहिलेत पोरीने. पहिल्या वर्षी आठ. मग नऊ. मग अकरा. ते आकडे मला माहीत होते! मीच मागे लागून तिच्याकडून ते रोजे भरून घेतले – "शाबान महिना संपत आला, पुढचं रमदान दाराशी आलं, उरक लवकर." ती कंबर धरून वाकून बसायची. दुसऱ्या कोणाच्या फॉर्मवर अकरा दिसले की मी लाल खूण करते. घरातले अकरा दिसले नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

मला वाटायचं, मला होतं तसं सगळ्यांनाच होत असणार.

रविवार, ५ मार्च

तिच्या खोलीच्या दाराशी दोनदा गेले. काय बोलणार? "वाचलं मी"? फॉर्म गुपचूप ठेवायचे असतात, हे नव्या मुलींना मीच बजावते. आणि तिने लिहिलंय – कळू देऊ नका. एवढं एक तरी ऐकावं तिचं. परत स्वयंपाकघरात आले आणि भांडी घासली, घासलेलीच पुन्हा.

सोमवार, ६ मार्च

डॉक्टर म्हणाल्या, "मग, महदियाला जातेस ना?" "जाते." त्यांना खोटं कळलं नाही. मला खोटं बोलता येतं, हे नवीनच कळलं मला.

बुधवार, ८ मार्च

तौहामीच्या आवडीची मलूखिया, तो पाल्याचा दाट रस्सा, शिजत होती सकाळपासून. तस्नीमही एरवी पातेलं चाटून पुसून खाते. आज म्हणाली, "नको आई. पोट बिघडलंय."

मला माहीत होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आतडं रिकामं लागतं. घट्ट काही नाही, फक्त पातळ, तेही गाळून. मीच हजार बायकांना सांगितलंय ते. कोंबडीचं सूप केलं, फडक्यातून दोनदा गाळलं, वरची चरबी काढली, वाडग्यात नुसतं सोनेरी पाणी उरलं. पुढे ठेवलं.

तिने वाडग्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी ओटा पुसत होते.

सगळं प्यायली. निघताना दारात म्हटलं, "पोहोचलीस की फोन कर." "हो." "थंडी आहे, मोजे घे." घेतले. तिची टॅक्सी वळेपर्यंत उभी राहिले. 

तौहामीला सांगितलं मग. तो मलूखियाचं ताट तसंच टाकून उठला.  मग एवढंच म्हणाला, "आपण दोघं घरात असून?"

गुरुवार, ९ मार्च

महदियाला जाणार कोण! सात वाजता हॉस्पिटलात होते. साधे कपडे, मागचं दार नाही, पुढचं दार. नातेवाईकांच्या बाकावर बसले. अकरा वर्षांत या बाकावर कधी बसले नव्हते. लाकूड फार टोचतं.

शेजारी खेड्यातली एक म्हातारी. मला अर्धी भाकरी दिली. "कोण आहे आत?" "मुलगी." तोंडाने पहिल्यांदाच म्हटलं ते. "मग रडा की! आम्ही सगळ्या रडून बसलोय." आणि मी रडले. भाकरी हातात धरून.

सव्वा वाजता डॉक्टर बाहेर आल्या. मला बघून थबकल्या. "तुला कोणी सांगितलं?" "कोणी नाही. फॉर्म छापून आला चुकून." माझ्या शेजारी बसल्याच त्या, टोपी तशीच डोक्यावर. म्हणाल्या, "दोन्ही अंडाशयं वाचली. मागे एकमेकांना चिकटून बसली होती, सोडवली. आतड्यावरची गाठ खरवडून निघाली, आतडं कापावं लागलं नाही. चार छोटी भोकं पोटावर, बस." मी श्वास घेतला. मग म्हणाल्या, "पाच वर्षांपूर्वी आली असती तर तासाभराचं काम होतं, नझीहा."

हे नसतं सांगितलं तर चाललं असतं. पण त्या सांगणारच. मी असते तर मीही सांगितलं असतं, दुसऱ्या कुठल्या आईला.

विचारलं, "इब्तिसाम नीट उभी राहिली?" "एकदाही चुकली नाही." बरं वाटलं. आणि वाईटही वाटलं.

शनिवार, ११ मार्च

आज आत सोडलं. म्हणजे तस्नीमने सोडलं. काल "नको" म्हणाली होती, तौहामी एकटाच जाऊन आला.

पांढरीफटक पडलीये. मी आत गेले तर म्हणाली, "सूप गाळून दिलंस तेव्हाच कळलं मला." वाटेत काय काय ठरवलं होतं बोलायचं. एक शब्द आठवेल तर शपथ. शेवटी काय विचारलं? तर, "मी रागावेन म्हणून लपवलंस ना?"

"नाही. रागाची सवय आहे मला."

"मग?"

"तू अकरा वर्षं इथे आहेस, आई. तू 'काही नाही, नाटकं करते' म्हणाली असतीस, तर डॉक्टरांनी तुझंच खरं मानलं असतं."

रागाने नाही म्हणाली. साधंच, वाटी सरकव म्हणतात तसं. मग डोळे मिटले. मी तिच्या पायातले मोजे सारखे केले.    असं मला कोणी मारलं नव्हतं आजवर.

बुधवार, १५ मार्च

तस्नीम घरी आली. आपल्या पायांनी जिना चढली. माझा हात धरला नाही, पण कठडाही नाही धरला.

मंगळवार, २८ मार्च

रमदानचा सहावा दिवस. तस्नीमला दाखवायला नेलं. तिनेच म्हटलं, "आई, तूही आत चल." जखमा छान भरल्यात.

डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या. "नझीहा, तू खुर्चीला धरून का उभी आहेस? घाम आलाय तुला. हे कधीपासून?"

"मला? छे! मला काही नाही, डॉक्टर."

"खोटं बोलतेय ती," तस्नीम म्हणाली. "लिहून घ्या. मी सांगते."