डॉक्टरांपासून लपवलेलं

प्रिय आत्याबाई,

तुम्ही जाऊन दोन महिने झाले. सुनेनं सासूला पत्र लिहावं अशी रीत आपल्या घरात कधी नव्हती. पण आज मी तुमचं गुपित परक्या माणसांपुढं फोडलं, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला घास गिळवेना.

आज जुन्नरहून शबाना नावाची पोरगी आली होती, सोबत तिची सासू. स्टोव्हचा भडका उडून गळा जळालाय तिचा. हनुवटी छातीला चिकटलीय, मान वर होत नाही. पुढच्या महिन्यात प्लॅस्टिक सर्जरी आहे. माझंही असलंच ऑपरेशन झालंय म्हणून दवाखान्यातल्या बाईंनी तिला माझं नाव सांगितलं. येडगावला येऊन बसल्याबसल्या तिनं विचारलं, "ताई, मी पयल्यासारखी दिसंन ना?"

मीही हेच विचारलं होतं! आठवतंय?

त्या वर्षी सोयाबीनची मळणी चालली होती. मी सांडलेले दाणे गोळा करायला वाकले आणि माझी वेणी मळणीयंत्राच्या फिरत्या दांड्यात गेली. आधी दुखलंच नाही, नुसता आवाज आला. जुनं लुगडं टर्रकन फाटावं तसा. मग डोळ्यांत गरम रक्त. भुवयांपासून मानेपर्यंतची कातडी केसांसकट सोलून निघाली आणि दांड्याभोवती गरगर फिरायला लागली. मागोमाग माझा पदरही त्यात ओढला गेला, गळ्याला फास बसला.

"विलास, बंद कर रं मेल्या!" तुम्ही ओरडलात. विलासभाऊजी यंत्र फिरवणाऱ्या ट्रॅक्टरकडं धावले, पण तुम्ही त्यांची वाट बघितली नाही. पदर दोन्ही हातांनी धरून फाडलात. तुमची दोन बोटं दांड्यावर आपटून मोडली. ती मोडलीत हे तुम्ही चार दिवस कुणाला कळूसुद्धा दिलं नाही!

माझी कातडी तुम्हीच उचललीत. कुणीतरी म्हणालं बर्फात टाका, म्हणून सरळ बर्फात टाकली. पुण्यातले डॉक्टर हळहळले. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बांधायची आणि ती पिशवी बर्फात ठेवायची असते म्हणे. उघड्या बर्फानं ती गोठून मेली होती. "आमाला कोन सांगनार व्हतं?" तुम्ही म्हणालात. खरंच, कोण सांगणार होतं?

मग डॉक्टरांनी समजावलं. पाठीचं मांस उचलून उघड्या कवटीवर बसवायचं, त्याच्या बारीक रक्तवाहिन्या डोक्यातल्या रक्तवाहिन्यांना जोडायच्या. केस परत येणार नाहीत. आणि सगळ्यात शेवटी त्यांनी मला विचारलं, "तंबाखू, मिश्री, काही? त्यानं रक्तवाहिन्या आवळतात. बसवलेलं मांस मरतं. खरं सांगा."

त्यांनी मला विचारलं होतं, आत्याबाई. उत्तर मात्र तुम्ही दिलंत. "न्हाई हो डाक्टर, आमच्या घरात तसलं काय नाय."

रोज सकाळी ओट्यावर बसून आपण दोघी मिश्री लावायचो. पण शिकलेल्या माणसापुढं घराची लाज जाईल असं तुम्हाला वाटलं. आणि मी? मला तोंड नव्हतं का?

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही पडदा ओढून माझ्या हातात डबी दिलीत. "लई तळमळतीस गं. येवढीशी लाव." मी हावरटासारखी लावली. तिसऱ्याही दिवशी लावली. चौथ्या दिवशी मांसाची कड काळी पडली. पाचव्या दिवशी वास सुटला. माझाच सडका वास, माझ्याच उशीवर! डॉक्टरांनी पुन्हा विचारलं तेव्हा मी रडत कबूल केलं. मेलेला भाग त्यांनी कापून काढला, मांडीची कातडी सोलून तिथं लावली. मांडीची ती जखम डोक्यापेक्षा जास्त जळजळते, हेही तेव्हाच कळलं. आधी आपण विचारलंच कुठं होतं?

पट्टी सुटली त्या दिवशी मी आरसा मागितला. आत एक टकलं, ठिगळ लावलेलं, सुजलेलं काहीतरी होतं. तुम्ही भाकरी घेऊन उभ्या होतात. मी स्टीलचा डबा उचलला आणि तुमच्या कपाळावर फेकून मारला. मारायचं म्हणूनच मारला. भुवई फुटली, रक्त नाकावरून खाली आलं. नर्स धावली. तुम्ही पदरानं ते पुसलंत आणि म्हणालात, "मार आजून. पन जेव."

मी जेवले. माफी मात्र कधीच मागितली नाही. इतकी वर्षं एका चुलीवर काढली, तरी नाही!

आज शबानाला खरं तेच सांगितलं. पहिल्यासारखी दिसणार नाहीस, पण मान वर होईल. डाग राहतील. एका ऑपरेशननं भागेलच असं नाही. नंतर महिनोन्महिने गळ्याला पट्टा आणि मानेचा व्यायाम, नाहीतर कातडी पुन्हा आवळेल. कातडी कुठून काढणार ते आधी विचार, तिथंही जखम होते. आणि मग मी मिश्रीचं विचारलं.

"तसलं काय नाय आमच्यात," तिची सासू म्हणाली.

अगदी तुमचेच शब्द, आत्याबाई! शबानाची मान तर वाकलेलीच होती, आता नजरही खाली गेली. मी डोक्याचा रुमाल सोडला, दोघींना डोकं दाखवलं आणि सगळं सांगितलं. तुमचं नाव घेऊन सांगितलं.

सासू ताडकन उठली. "मेलेल्या मानसावर आळ घेती व्हय? चल गं!"

शबाना उठली नाही. "मी लावते, ताई," ती हळूच म्हणाली. "दिवसातनं चारदा. ह्याच आनून देत्यात."

सासू मटकन खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. तिला जवळ घेताना मला कळलं, आत्याबाई, की दवाखान्यात तुम्हाला असं कुणीच जवळ घेतलं नव्हतं. मीसुद्धा नाही. चुकले मी. माफ करा.

शबानानं आजपासून मिश्री सोडलीय. एखाद दिवशी चुकली, तर तेही ती डॉक्टरांना सांगणार आहे. ऑपरेशनआधी डॉक्टर बोलावतील तेव्हा मी तिच्यासोबत जाईन. पण आत ती एकटीच जाईल आणि तिची उत्तरं तीच देईल. तिची सासू आणि मी, आम्ही दोघी बाहेर बाकावर बसू. सासू आत जायला उठली, तर मी तिचा हात धरून ठेवीन. हा माझा तुम्हाला शब्द.

तुमची सून,
संगीता
येडगाव