फुलाबाईचा पाहुणा

सोमवार, १९ नोव्हेंबर १९२३

सोलापुरात प्लेग पुन्हा आला. महिला मंडळातून चौघी घरोघर सांगायला निघालो होतो, आता मी एकटीच उरले. बाकीच्यांना घरून बंदी! माझ्याही सासूबाईंचा घोशा चालूच — "पदराला लावून आणशील रोग, घरात पोटुशी पोर आहे." नणंद शकुंतला पहिलटकरीण, आठवा लागलाय. यांनी मात्र मला जाऊ दिलं. म्हणाले, "घरात राहून तरी कुठे गप्प बसणार आहे?" हा कसला मेला मान!

दारोदार माझं तेच पाठ केलेलं — लस टोचून घ्या, उंदीर पडला की म्युनिसिपालटीला कळवा, थोडे दिवस माळावर झोपडीत राहा. माझा आवाज ऐकला की दारं लागतात.

बुधवार, २१

नव्या पेठेच्या मागच्या बोळात एक दार उघडलं. फुलाबाई धनगरीण. नवरा येडू बैलगाडी हाकतो, ही ओट्यावर लोकर कातत बसते. "या की बाई, बसा." पाणी दिलं. प्यायले! (सासूबाईंना सांगायचं नाही.)

विचारलं, उंदीर पडला का?

"न्हाय की. पावना तेवढा आलता. गेला."

कुठला पाहुणा?

हातातली लोकरीची चाती फिरवत म्हणाली, "नातेपुत्याचा." शेजारची अक्कम्मा तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी म्हटलं, पाहुण्यालाही लस टोचून घ्यायला सांगा. त्यावर दोघी आणखीच हसल्या. भाबड्या आहेत अगदी!

शुक्रवार, २३

त्याच बोळात आज आणखी तीन घरी पाहुणा येऊन गेला. प्लेगात एवढे पाहुणे? त्या बोळात कसली जत्रा आहे?

परत येताना कोपऱ्यावर राखेत झाकलेली शेपटी दिसली, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. पाहुणा म्हणजे उंदीर! आणि मी त्याला लस टोचायला निघाले होते. हसू आलं, मग अंगावर काटाच आला.

शनिवार, २४

फुलाबाईशी भांडून आले. खोटं का बोललीस, म्हटलं.

"खोटं कुटं? आमी त्येचं नाव न्हाय घेत. पावना म्हनलं की शेजारीन वळकती, बोचकी बांधती. रातीला कुनीबी हितं निजत न्हाय, समदी भावाच्या रानात जातो."

मग कळवायचं कुणी?

"कळवलं की ती मानसं येत्यात, सामान भाईर फेकत्यात, कुलूप लावत्यात. आन् त्या माळावर कसला वारा! माजी जाव वली बाळातीन हाय, बाई."

जीव जाण्यापेक्षा वारा बरा, मी म्हणाले. सोमवारी कळवणार आहे, हेही बजावलं.

"कळवा की. तुमचं कामच हाय त्ये." कातणं थांबवलं नाही. वर म्हणाली, "तुमच्यात कुनी बाळातीन न्हाय न्हवं?"

ह्याचा राग आला. का आला, ते मला ठाऊक आहे. पण दिवसा शेळ्यांना चारा टाकायला, चूल पेटवायला ती त्याच घरात येते. रोग आणणाऱ्या उंदराच्या पिसवा काय दिवसा झोपा काढतात? माझंच बरोबर आहे.

रविवार, २५

माझंच बरोबर आहे. शकुंतलेला विचारलं, वेळ आली तर माळावर राहशील? "वहिनी, असलं अभद्र नका बोलू," म्हणाली.

सोमवार, २६

कळवायला निघाले. चपला घालत होते तोच माजघरातून शकुंतलेची किंकाळी. तिच्या अंथरुणाशेजारी तो पडलेला. सासूबाईंनी त्यावर राखेची पाटी उपडी केली. "कुणाला सांगशील तर बघ. पोरीला माळावर न्यायला निघाली मोठी!" दारोदार सांगत होते तेच सगळं त्यांना सांगायचं होतं. उरलेली चप्पल पायात सरकवली.

निघाले ती म्युनिसिपालटीला म्हणून. पोचले बोळात. फुलाबाई ओट्यावर होती.

"कळवलंसा?"

"आमच्याकडे पाहुणा आलाय," मी म्हणाले.

हसली नाही. चाती खाली ठेवली, आत तोंड करून ओरडली — "अवं, गाडी जुपा. बाईच्यात पावना आलाय."